लैंगिक संसर्गांची घरगुती चाचणी : एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांना मराठीत 'गुप्तरोग' म्हणण्याची प्रथा आहे. या नावात एक विसंगती आहे. समाजाने हे रोग गुप्त मानले खरे. परंतु ज्याला ते झाले असावेत अशी शंका होती, त्या व्यक्तीला ते गुप्त ठेवण्याची मुभा आधुनिक वैद्यकीय व शासकीय व्यवस्थेने क्वचितच दिली. नमुना घेणारा एक, तो तपासणारा दुसरा, नोंदवहीत नाव लिहिणारा तिसरा. आणि ज्याचे शरीर तपासले गेले, त्याच्यापर्यंत ती बातमी बहुधा सर्वांत शेवटी पोहोचे.

आज एच.आय.व्ही., उपदंश, परमा व क्लॅमिडिया या संसर्गांची चाचणी काही देशांत औषधाच्या दुकानातून आणून घरी करता येते. प्रस्तुत निबंधात या घरगुती चाचणीच्या इतिहासाचा विचार केला आहे. हा इतिहास सामान्यतः उपकरणांच्या प्रगतीची कथा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तंत्र उपलब्ध होणे आणि ते सामान्य माणसाच्या हाती देणे यांत एच.आय.व्ही.च्या बाबतीत सुमारे पाव शतकाचे अंतर पडले. हे अंतर तंत्राच्या उणिवेपेक्षा अविश्वासातून अधिक निर्माण झाले होते. आपल्या शरीराविषयीची वाईट बातमी माणूस एकट्याने वाचू शकेल काय, ही शंका त्यामागे होती.

सक्तीच्या तपासणीचा वारसा

ब्रिटिश अमदानीत भारतातील लष्करी छावण्यांमध्ये सैनिकांत पसरणाऱ्या उपदंश व परम्याने अधिकाऱ्यांना चिंतेत टाकले होते. १८६४ चा कॅन्टोन्मेंट कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांविषयीचा कायदा यांन्वये वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व ठरावीक काळाने शारीरिक तपासणी सक्तीची करण्यात आली. रोग आढळल्यास स्त्रीला 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या रुग्णालयात ठेवले जाई. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची मात्र अशी तपासणी होत नसे. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांच्या चळवळीने तेथील असे कायदे १८८६ मध्ये रद्द झाले. भारतातील १८६८ चा कायदाही १८८८ मध्ये मागे घेतला गेला. तथापि लैंगिक रोगाची तपासणी म्हणजे कोणीतरी अधिकारी दुसऱ्यावर करतो ती कृती, ही धारणा कायद्याबरोबर गेली नाही.

१९०६ मध्ये जर्मनीत वासरमान यांनी उपदंशासाठी रक्तचाचणी शोधून काढली. शरीराच्या उघड तपासणीऐवजी रक्ताच्या नमुन्यावर निदान करता येऊ लागले, हा मोठाच बदल होता. पण या चाचणीस मेंढीच्या रक्तपेशी, गिनीपिगचे रक्तजल आणि कसलेला तंत्रज्ञ लागे. त्यामुळे निदान रुग्णाच्या आणखी दूर, प्रयोगशाळेच्या बंद दारामागे गेले. अमेरिकेत १९३५ मध्ये कनेक्टिकट राज्याने विवाहापूर्वी उपदंशाची रक्तचाचणी सक्तीची केली आणि पुढे बहुतेक राज्यांनी तिचे अनुकरण केले.

याच सुमारास मुंबईत घडलेली एक गोष्ट येथे नोंदवणे योग्य ठरेल. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक पत्रांद्वारे लैंगिक प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरे देत. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्या पत्रलेखकांना हवी असलेली गोष्ट साधी होती : समोरासमोर उभे न राहता, नाव न सांगता, आपल्याच शरीराविषयी काही विश्वसनीय कळावे. घरगुती चाचणीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी तिची गरज टपालाने व्यक्त होत होती असे म्हणावयास हरकत नाही.

गर्भचाचणीचे पूर्वोदाहरण

रोगाची नसली तरी शरीराची गुपिते सांगणारी पहिली महत्त्वाची घरगुती चाचणी गर्भधारणेची होय. १९६७ मध्ये अमेरिकेतील ऑर्गॅनॉन या औषध कंपनीत काम करणाऱ्या मार्गारेट क्रेन या आरेखनकार स्त्रीने प्रयोगशाळेतील गर्भचाचणीच्या नळ्या पाहून तीच चाचणी एका लहान प्लॅस्टिकच्या डबीत घरी करता येईल असे उपकरण तयार केले. ही चाचणी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी कॅनडात आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विक्रीस आली. स्त्रिया चाचणी चुकीची करतील, निकाल पाहून घाबरतील, डॉक्टरकडे जाणारच नाहीत, असे आक्षेप तेव्हा घेतले गेले. पुढे एच.आय.व्ही.च्या वेळी जवळजवळ हेच आक्षेप, अधिक गंभीर सुरात, पुन्हा मांडले गेले.

उपचाराविना चाचणी : १९८५ ते १९९६

एच.आय.व्ही.ची प्रतिपिंडे शोधणाऱ्या पहिल्या चाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २ मार्च १९८५ रोजी परवानगी दिली. तिचा मूळ हेतू रक्तपेढ्यांतील रक्त सुरक्षित करणे हा होता. केवळ चाचणीसाठी लोकांनी रक्तदान करू नये म्हणून निनावी चाचणीची स्वतंत्र केंद्रेही उघडण्यात आली. ज्यांना या चाचणीची सर्वाधिक गरज होती, त्या समलिंगी पुरुषांच्या अनेक संघटनांनी प्रारंभी ती करून न घेण्याचा सल्ला दिला होता. आज हे विचित्र वाटेल; पण त्या काळी रोगावर उपचार नव्हता, आणि यादीत नाव गेले तर नोकरी, विमा व घर या तिन्हींवर पाणी सोडावे लागण्याची भीती होती. ज्या ज्ञानाने रुग्णाचा लाभ होत नाही आणि इतरांच्या हाती शस्त्र मात्र पडते, ते टाळणे हा अज्ञानाचा प्रकार म्हणता येत नाही.

सक्तीचा मार्ग किती निष्फळ ठरतो हे इलिनॉय राज्याने लवकरच दाखवून दिले. तेथे १ जानेवारी १९८८ पासून विवाहपरवान्यासाठी एच.आय.व्ही. चाचणी आवश्यक झाली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदारांची चाचणी झाली. त्यांत केवळ ८ जणांना संसर्ग आढळला. असंख्य जोडप्यांनी शेजारच्या राज्यात जाऊन विवाह केले. १९८९ मध्ये तो कायदा रद्द करावा लागला. भारतातही पुढे २००० च्या दशकात विवाहपूर्व सक्तीच्या चाचणीची मागणी वारंवार झाली. इलिनॉयचा हा अनुभव तेव्हा फारसा कोणी विचारात घेतलेला दिसत नाही.

गोव्यात १९८९ मध्ये जे घडले ते याहून कठोर होते. डॉमिनिक डिसोझा हा बार्देशमधील पर्रा गावचा तरुण नियमित रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्याच्याकडे आले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला म्हापशाच्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत ६४ दिवस एकांतात ठेवण्यात आले. आपल्या रक्तात काय आढळले आहे हे त्याला समजण्यापूर्वी ते पोलिसांना ठाऊक होते. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. पण रुग्णास वेगळे ठेवण्याची तरतूद न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली नाही. डिसोझा यांनी पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था स्थापन केली आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. लॉक हॉस्पिटल बंद होऊन शतक उलटले होते. चाचणीचा निकाल प्रथम कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र म्हापशात जुनेच निघाले.

या पार्श्वभूमीवर घरगुती चाचणीची कल्पना पुढे आली. नवजात बालकांच्या टाचेतील रक्ताचा थेंब टीपकागदावर वाळवून तपासण्याची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकातच रूढ केली होती. तोच मार्ग एच.आय.व्ही.साठी वापरता येईल, बोट टोचून कागदावर थेंब टिपावेत आणि पाकीट प्रयोगशाळेत पाठवावे, असे प्रस्ताव अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडले गेले. अन्न व औषध प्रशासनाने १९८९ मध्ये अशी साधने केवळ व्यावसायिकांच्या वापरासाठीच असावीत अशी भूमिका घेतली. दूरध्वनीवर निकाल ऐकून माणूस आत्महत्या करील, समुपदेशन प्रत्यक्षच झाले पाहिजे, जोडीदारांना कळवण्याची व्यवस्था कोलमडेल, असे युक्तिवाद झाले. त्यांतील काही खोट्या सहानुभूतीचे नव्हते. एड्सचे निदान म्हणजे मृत्यूची सूचना अशीच तेव्हा स्थिती होती आणि ती सूचना देणाऱ्या समुपदेशकांनी हे जवळून पाहिले होते.

ब्रिटनने तर १९९२ मध्ये नियम करून सर्वसामान्यांना एच.आय.व्ही. चाचणीचे साहित्य विकणे हा गुन्हाच ठरवला. हा नियम २०१४ पर्यंत टिकून राहिला. समुपदेशनाच्या सद्हेतूने सुरू झालेली बंदी औषधोपचार उपलब्ध झाल्यानंतरही इतकी वर्षे राहावी, यात संस्थात्मक आळसाचा भाग किती आणि काळजीचा किती हे वेगळे करणे कठीण आहे.

अमेरिकेत परिस्थिती १९९५-९६ मध्ये पालटली. डिसेंबर १९९५ मध्ये प्रोटिएझ प्रतिबंधक गटातील पहिल्या औषधास मान्यता मिळाली आणि १९९६ पासून तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने रुग्ण जगू लागले. लवकर निदान होण्यास आता अर्थ आला. १४ मे १९९६ रोजी जॉन्सन अँड जॉन्सनच्या एका उपकंपनीच्या 'कॉन्फाइड' या साधनास मान्यता मिळाली. जुलैमध्ये 'होम अॅक्सेस' या दुसऱ्या साधनास मिळाली. ग्राहकाने रक्ताचे थेंब कागदावर टिपून टपालाने पाठवायचे, साधनासोबत आलेला सांकेतिक क्रमांक जपून ठेवायचा आणि काही दिवसांनी दूरध्वनी करून तो क्रमांक सांगायचा. संसर्ग नसल्यास ध्वनिमुद्रित संदेश ऐकू येई. असल्यास प्रशिक्षित समुपदेशक बोलू लागे. थोडक्यात, बोलणे सुरू होण्यापूर्वी मानवी आवाज कानावर पडणे हीच बातमी होती.

नाव कोठेही लिहिलेले नाही आणि निकाल प्रथम त्या व्यक्तीलाच, असा हा प्रकार एच.आय.व्ही.च्या इतिहासात नवा होता. 'कॉन्फाइड' मात्र १९९७ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. विरोधकांनी वर्तवलेली आत्महत्यांची लाट आली नाही, आणि समर्थकांना अपेक्षित असलेली ग्राहकांची गर्दीही झाली नाही. दरम्यान मान्यता नसलेली साधने इंटरनेटवरून विकली जाऊ लागली होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९९ मध्ये अशी काही साधने संसर्ग असल्याचे निश्चित ठाऊक असलेल्या नमुन्यांवर वापरून पाहिली तेव्हा प्रत्येक वेळी 'संसर्ग नाही' असाच निकाल आला. घरगुती चाचणीला मनाई करणाऱ्यांपेक्षा तिच्या नावाने खोटी आश्वासने विकणारे अधिक घातक होते.

सेवाग्राम ते शेल्फ

पुढचा टप्पा नमुना टपालाने पाठवण्याची गरजच संपवणारा होता. 'ओराक्विक' या जलद चाचणीस अमेरिकेत नोव्हेंबर २००२ मध्ये रक्तासाठी आणि २००४ मध्ये तोंडातील द्रवासाठी मान्यता मिळाली. तीही प्रशिक्षित व्यक्तींच्या वापरासाठी. हिरड्यांवरून फिरवलेल्या चपट्या काडीस लागलेल्या द्रवात विषाणू शोधला जात नाही, तर शरीराने त्याविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे शोधली जातात. काडी द्रावणात ठेवल्यावर वीस ते चाळीस मिनिटांत पट्टीवर रेषा उमटतात : एक रेषा चाचणी नीट झाल्याची, दुसरी उमटली तर प्रतिपिंडे असल्याची.

या तंत्राच्या प्रारंभीच्या मूल्यमापनांत महाराष्ट्राचाही वाटा आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. नितिका पंत पै व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ही चाचणी वापरून पाहिली आणि २००७ व २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील दुसरा अभ्यास प्रसूतीसाठी आलेल्या ग्रामीण स्त्रियांचा होता. गर्भारपणात ज्यांची एच.आय.व्ही. चाचणी झालेली नाही अशी स्त्री मध्यरात्री प्रसूतिकक्षात येते तेव्हा प्रयोगशाळा उघडण्याची वाट पाहण्यास वेळ नसतो. बाळाला संसर्गापासून वाचवणारे औषध त्याच काही तासांत द्यावयाचे असते. चोवीस तास केव्हाही करता येणारी तोंडाची चाचणी अशा वेळी किती उपयोगी आहे हे तेथे दिसून आले. ती घरगुती चाचणी नव्हती; पण निकालासाठी मोठी प्रयोगशाळा व सुईची अपरिहार्यता संपली असल्याचे तिने दाखवले.

अमेरिकेत १५ मे २०१२ रोजी तज्ज्ञ समितीने १७ विरुद्ध ० मतांनी घरगुती वापराची शिफारस केली आणि ३ जुलै २०१२ रोजी 'ओराक्विक'ला तशी मान्यता मिळाली. या निर्णयातील आकडे लक्षात घेण्याजोगे आहेत. सामान्य वापरकर्त्याच्या हातून ही चाचणी संसर्ग असलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के व्यक्तींत तो दाखवते; म्हणजे साधारण बारांपैकी एकाला खोटा दिलासा मिळू शकतो. उलट बाजूस, संसर्ग नसलेल्या सुमारे पाच हजारांत एखाद्यालाच चुकीने संसर्ग असल्याचे कळते. शिवाय नुकत्याच झालेल्या संसर्गानंतर सुमारे तीन महिन्यांपर्यंत प्रतिपिंडे आढळतीलच असे नाही. दवाखान्यातील चाचणीपेक्षा उणी असलेली ही चाचणी समितीने एकमताने का स्वीकारली? कारण तिची तुलना उत्तम चाचणीशी करून भागत नव्हते. जे कोठल्याही दवाखान्यात जाणारच नाहीत त्यांच्याबाबत तुलना चाचणीच्या अभावाशी होती. १९८९ मध्ये हा विचार मान्य झाला नव्हता. फ्रान्समध्ये अशी चाचणी २०१५ मध्ये औषधाच्या दुकानांत आली. ब्रिटनमध्येही त्याच वर्षी, एप्रिलमध्ये.

घर कोणाचे?

येथपर्यंतच्या इतिहासात एक गृहीतक आहे : घर म्हणजे एकांत. हे गृहीतक न्यूयॉर्कमधील एकट्या राहणाऱ्या ग्राहकास लागू पडत असेल. जगातील बहुसंख्य घरांना ते लागू पडत नाही.

याची खरी कसोटी आफ्रिकेत लागली. मलावीतील ब्लँटायर शहरात २०११ पासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे दिसून आले की, आरोग्यकेंद्राकडे न फिरकणारे लोकही घरी चाचणी करण्यास मोठ्या संख्येने तयार होतात आणि थोड्या मार्गदर्शनानंतर ती अचूक करतात. केनियातील किसुमू येथे गर्भवती व नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांना स्वतःच्या नवऱ्यासाठी घरी नेण्यास चाचण्या देण्यात आल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा सुमारे ९१ टक्के स्त्रियांच्या जोडीदारांची चाचणी झाली. केवळ दवाखान्याचे निमंत्रणपत्र नेलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ५२ टक्के होते. डिसेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एच.आय.व्ही. स्वचाचणीची शिफारस केली. मात्र संसर्ग दाखवणारा निकाल हे निदान न मानता प्रशिक्षित व्यक्तीकडून त्याची खातरजमा झालीच पाहिजे, अशी अट घातली.

किसुमूच्या या आकड्यांकडे दोन प्रकारे पाहता येते. दवाखान्याची पायरी न चढणारा पुरुष घरात चाचणी करतो, हे यश निर्विवाद आहे. परंतु ते साधण्याची जबाबदारी स्त्रीवर आली. जी पत्नी नवऱ्यापुढे काडी ठेवू शकते, तिच्यापुढे नवराही ती ठेवू शकतो, सासूही ठेवू शकते. आणि तेथे समुपदेशक नसतो, नकार नोंदवणारी वही नसते. आपल्याकडील एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात, वीस मिनिटे कोणाच्याही नजरेस न पडता ती पट्टी कोठे ठेवावी हा प्रश्न क्षुल्लक नाही. डिसोझा यांच्या बाबतीत निकाल पोलिसांनी आधी वाचला. येथे तो घरातील सर्वांत सामर्थ्यवान व्यक्ती आधी वाचू शकते. ब्लँटायरमध्ये जोडीदाराने चाचणीस भाग पाडल्याच्या तक्रारींची संशोधकांनी मुद्दाम चौकशी केली. अशा तक्रारी थोड्या होत्या, तथापि त्या होत्या.

जिवाणूजन्य रोगांचा उशिरा झालेला प्रवेश

क्लॅमिडिया व परमा हे एच.आय.व्ही.हून कितीतरी अधिक आढळणारे आणि प्रतिजैविकांनी बरे होणारे संसर्ग. तरीही त्यांची संपूर्ण घरगुती चाचणी सर्वांत शेवटी आली. याचे कारण येथे मात्र मुख्यतः तांत्रिक होते : प्रतिपिंडे न शोधता जिवाणूचे जनुकीय द्रव्यच शोधावे लागते आणि त्यासाठी ते अनेकपटींनी वाढवावे लागते. १९९० च्या दशकात ही पद्धत लघवीच्या किंवा स्त्रीने स्वतः घेतलेल्या नमुन्यावर चालू लागली, तेव्हा डेन्मार्कमधील आर्हुस परिसरातील शाळांत विद्यार्थ्यांना घरी नमुना घेऊन टपालाने पाठवण्याची सोय देण्यात आली. डॉक्टरकडे जाण्यास सांगितलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत अनेकपट अधिक विद्यार्थ्यांनी चाचणी केली. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २००४ मध्ये असाच उपक्रम सुरू केला. तरीही घरी घेतलेल्या नमुन्यावरील क्लॅमिडिया-परमा चाचणीस अमेरिकेत पहिली अधिकृत मान्यता नोव्हेंबर २०२३ मध्ये मिळाली. मधल्या काळात कोविडच्या साथीने नाकातील नमुना स्वतः घेण्याची सवय कोट्यवधी लोकांना लागली होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये उपदंशाची पहिली संपूर्ण घरगुती चाचणी अमेरिकेत मान्य झाली. ती शोधते ती प्रतिपिंडे उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर रक्तात राहतात. त्यामुळे पूर्वी उपचार घेऊन बरा झालेला माणूस आणि आज आजारी असलेला माणूस यांच्या पट्टीवर तीच रेषा उमटते. फरक सांगण्यास पुन्हा प्रयोगशाळाच लागते. मार्च २०२५ मध्ये स्त्रियांसाठी क्लॅमिडिया, परमा व ट्रायकोमोनास यांची घरी करावयाची आणि घरीच निकाल देणारी चाचणी मान्य झाली. हातात मावेल एवढ्या उपकरणात सुमारे अर्ध्या तासात जनुकीय तपासणी पूर्ण होते, परंतु निकाल वाचण्यासाठी मोबाईलवरील अॅप लागते. नमुना घराबाहेर जाण्याचे थांबले. निकाल मात्र आता यंत्राच्या मार्गाने मिळतो.

भारतात १९८६ मध्ये चेन्नई येथे पहिल्यांदा एच.आय.व्ही. संसर्ग आढळला आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. तेव्हापासून येथील व्यवस्था समुपदेशन व चाचणी एकाच ठिकाणी देणाऱ्या केंद्रांभोवती उभी राहिली. डिसोझा प्रकरणानंतर जवळजवळ तीन दशकांनी आलेला २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा संमतीशिवाय चाचणी करण्यास मनाई करतो आणि निकाल उघड करण्यावर कठोर मर्यादा घालतो. त्याची सर्व कलमे वाचताना जाणवते की, चाचणी करणारा एक आणि करवून घेणारा दुसरा, असे दोन पक्ष त्यात गृहीत धरले आहेत. एकच माणूस दोन्ही बाजूंना असेल तर संमती आपोआपच आहे. मात्र त्याच छपराखाली राहणाऱ्या तिसऱ्या माणसाने ती पट्टी उचलून पाहिली, तर या कायद्याने दिलेले संरक्षण त्या खोलीपर्यंत कसे पोहोचवायचे, हे अद्याप ठरावयाचे आहे.